बंद वाचनालयातली शिट्टी

ड्रॉइंगच्या सरांना जाग आली तेव्हा वाचनालयात चिटपाखरू नव्हतं. दिवे बंद होते, पंखे थांबले होते आणि दाराला बाहेरून कुलूप होतं.

निवृत्त झाल्यापासून सर रोज कोपऱ्यातल्या मोठ्या कपाटाआडच्या खुर्चीत वाचत बसत. पंख्याची घरघर सहन होत नाही म्हणून कानातलं ऐकायचं मशीन काढून, बंद न करताच, शर्टाच्या वरच्या खिशात टाकत. आज वाचता वाचता डोळा लागला. ग्रंथपालबाईंची दाढ ठणकत होती. त्यांनी दारातूनच "आहे का कोणी आत?" असं विचारलं, उत्तर आलं नाही, तशा त्या कुलूप लावून दवाखान्यात गेल्या. आता वाचनालय उघडणार चारला.

घड्याळात सव्वादोन झाले होते. तीन वाजता लेकीचे होणारे सासू-सासरे पहिल्यांदाच घरी यायचे होते. सकाळी बायकोने बजावलं होतं, "आज तरी वेंधळेपणा करू नका. पहिल्याच भेटीत शोभा नको." मोबाईल घरी चार्जिंगला होता.

सरांनी दार ठोठावलं. ठोठावल्याचा आवाज त्यांना स्वतःलाही आला नाही, आणि तिथूनच त्यांना कसंतरी वाटू लागलं. परत कपाटापाशी येऊन पाहिलं, तर ते आत्ताच उठले त्या खुर्चीपुढे वर्तमानपत्राचं पान हळूच उचललं गेलं आणि उलटलं. वारा असेल, असं त्यांनी मनाला समजावलं. पण खिडक्या सगळ्या बंद होत्या.

ती खुर्ची आधी वकीलसाहेबांची. गेल्या वर्षी पेपर वाचता वाचता ते तिथेच गेले. दुसऱ्या कुणाला तोच पेपर हवा होता, म्हणून तासाभराने ते कळलं. खुर्ची उजेडाची म्हणून सरांनी लगेच धरली होती. ती धरली नसती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

खुर्चीकडे पाठ न करता, एक हात छातीवर दाबून सर कपाटाला घासत रस्त्याकडच्या खिडकीपाशी सरकले. वरच्या फळीवरचा जुन्या अंकांचा गठ्ठा डोक्यावर आला आणि केसांपासून मिशीपर्यंत सर धुळीने पांढरेफटक झाले. खिडकीच्या काचेवर आतून धुळीचा जाड थर होता. त्यावर त्यांनी बोटाने वळणदार अक्षरात लिहिलं, 'मला बाहेर काढा'. बाहेरून हे उलटं दिसणार, हे शेवटच्या कान्याला लक्षात आलं. छातीवरचा हात तसाच ठेवून त्यांनी त्या कान्याच्या फटीला डोळा लावला.

पलीकडे काचेला चिकटून एक चेहरा होता. भला मोठा, नाक चपटं झालेला. त्या चेहऱ्याने तोंड उघडलं, आणखी उघडलं, पण आवाज काही आला नाही. मग चेहरा नाहीसा झाला. सरांनी धीर करून पुन्हा पाहिलं, तर पायरीवर एकच चप्पल पडली होती.

सर जे धावले, ते बाइंडिंगच्या खोलीतून मागच्या दाराची गंजलेली कडी उपसून थेट घरी.

"कुठल्या गिरणीतून आलात?" बायकोने विचारलं. सर तडक न्हाणीघरात शिरले. अंघोळ केली, नवा शर्ट घातला, मशीन नव्या खिशात टाकलं. ओल्या कानात ते लगेच घालता येत नसे.

सव्वातीनला पाहुणे आले. व्याही म्हणजे वीज खात्यातले निवृत्त इंजिनियर, अंगाने आडवे. पायात दुसऱ्या कुणाच्या तरी रबरी चपला होत्या. सरांनी त्यांचं तोंड पाहिलं आणि काचेवरचा तो चपटा चेहरा ओळखला. व्याही मात्र काही ओळखल्यासारखे दिसले नाहीत.

विहीणबाई रडकुंडीला आल्या होत्या. "आम्ही लवकर पोचलो, म्हणून तुमच्या त्या वाचनालयाच्या सावलीत थांबलो. कुलूप होतं हो दाराला. आणि आतून शिट्टी. बारीक, लांबलचक. मग काचेवर आपोआप अक्षरं उमटायला लागली, कुठल्या भाषेतली कोण जाणे. हे बघायला गेले, तर आतून डोळा. हे तर मला तिथेच टाकून पळाले."

"पळालो नाही. मदत आणायला गेलो," व्याही म्हणाले.

"इस्त्रीवाल्याच्या टेबलाखाली?" विहीणबाई सरांच्या बायकोकडे वळल्या. "राग मानू नका, पण असल्या वस्तीत सोयरीक म्हणजे मला जरा विचारच करावा लागेल."

लेकीचा चेहरा उतरला. सरांना शब्द ऐकू आले नव्हते, पण लेकीचा चेहरा दिसला. काहीतरी बिनसलं एवढं त्यांना कळलं. काळजीने त्यांनी छातीवर हात ठेवला, आणि शिट्टी वाजली.

बारीक, लांबलचक. विहीणबाई पांढऱ्या पडल्या. सर तेवढे, काहीच ऐकू न आल्याने, उसनं हसू आणून सगळ्यांकडे पाहत होते.

व्याह्यांनी सरांच्या खिशाकडे पाहिलं. मग डोळ्यांकडे, बराच वेळ. "सर, तुमची चित्रं दाखवा बघू," असं म्हणत त्यांनी सरांना दंडाला धरून आतल्या खोलीत नेलं. तिथे खिशातलं मशीन काढून स्वतःच्या हाताने सरांच्या कानात बसवलं आणि त्या कानात हळूच म्हणाले, "आत तुम्ही होतात, हे मी कुणाला सांगत नाही. पण मी एका ड्रॉइंगमास्तरला घाबरून पळालो, हे बाहेर जाता कामा नये."

"माझंही तेच म्हणणं," सर म्हणाले.

दोघे बाहेर आले. "थांबली शिट्टी," विहीणबाई कुजबुजल्या.

"कसली शिट्टी?" दोघांनी एकदमच विचारलं.

विहीणबाईंनी दोघांकडे पाहिलं. मग सरकून सरांच्या बायकोजवळ बसल्या. "पुरुषांना ऐकू येत नाही बहुतेक. तुम्ही ऐकलीत ना?"

सरांची बायको चार वर्षं त्या मशीनची शिट्टी उठता-बसता ऐकत होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं.

"ऐकली," ती गंभीरपणे म्हणाली. "घरातही येते कधी कधी."

विहीणबाईंनी तिचा हात घट्ट धरला. "मग मुहूर्त जरा अलीकडचाच धरू या. पोरीला या घरात फार दिवस ठेवण्यात अर्थ नाही."