पोच घेणारे जानूभाऊ

आमच्या वैशाखरे गावात जानूभाऊंकडून काहीही घ्यायचं तर सही करावी लागते. मी त्यांच्या शेजारी राहायला आलो त्या आठवड्यात ते वालाच्या शेंगा घेऊन आले. शेंगा माझ्या हातात, आणि त्यांच्या हातात वही.

"मास्तर, पोच द्या."

मला वाटलं, थट्टा. पण सही होईपर्यंत ते ओट्यावरून हलले नाहीत. भाचीच्या लग्नात त्यांनी आहेर दिला तेव्हा नवरदेव मुंडावळ्या बाजूला सारून सही करत होता आणि मंगलाष्टकं खोळंबली होती. कुणी हसलं की भाऊ शांतपणे म्हणायचे, "हासा. पोच नाय तं तुमी दिलंच नाय."

हे वेड त्यांना एका कचेरीत लागलं. गावचं भात तेव्हा भरडायला टोकावड्याला जायचं. भाऊंचा मुलगा काशिनाथ मोटरीचं काम शिकून आला होता, म्हणून बापलेकांनी गावात भातगिरणी टाकायचं ठरवलं. विजेच्या जोडणीचा अर्ज भाऊ स्वतः कचेरीत देऊन आले, पोच न घेता. महिन्याने गेले तर उत्तर मिळालं, "अर्ज आलाच नाही." दुसरा दिला, तर साहेब बदलले. तिसऱ्याच्या वेळी फाईल सापडेना. अशी तीन वर्षं गेली. काशिनाथ कंटाळून वापीला कारखान्यात लागला आणि तिकडचाच झाला.

पुढे कारभार बदलला. अर्ज मोबाईलवर गेले. भरला की नंबर मिळतो, काम किती दिवसांत व्हायला हवं ते छापून येतं, उशीर झाला तर वर कुणाकडे जायचं तेही. पहिला नंबर आला तेव्हा भाऊंनी तो मला तीनदा वाचायला लावला. "सरकार सोताहून पोच देतंय, मास्तर."

मग त्यांनी गावाला सुखाने बसू दिलं नाही. दोन भावांची अडलेली वाटणी नोंदवायला लावली. त्यातल्या धाकट्याने माळशेज रस्त्याला ढाबा काढला आणि कल्याणला नोकरी शोधणारी दोन मुलं तिथेच कामाला राहिली. वाडीवरच्या बायांना मध-हिरड्याच्या दुकानाचा परवाना मिळाला. दिलेली मुदत टळली की भाऊ दुसऱ्याच दिवशी सकाळच्या एसटीने मुरबाडच्या कचेरीत हजर.

गेल्या वर्षी वरच्या आळीतल्या सुनंदाताईंनी भातगिरणीसाठी अर्ज केला. तो भाऊंनीच भरला. मुदतीच्या आत मीटर बसला. गिरणी सुरू करायचा मान ताईंनी त्यांनाच दिला.

भाऊंनी बटण दाबलं. पट्टा फिरला, भुसा उडाला, बाया तोंडाला पदर लावून मागे सरल्या. भाऊंनी खिशातून फोन काढून काशिनाथला लावला.

"ऐक रे, गावात गिरनी आली," एवढंच बोलून त्यांनी फोन मोटरीपुढे धरला. थोड्या वेळाने कानाला लावला.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"आवाजात काय समजत नाय म्हनला. मंग करतो म्हनला."

"बाहेर जाऊन बोला ना, भाऊ."

"नको. त्याला मोटरीचं समजतं. ऐकलं का कळंल त्याला."

काशिनाथने फोन कधीच ठेवला होता. तरी भाऊंनी तो पुन्हा मोटरीकडे वळवला आणि पहिलं पोतं भरडून होईपर्यंत तसाच धरून ठेवला.