श्वास धरून काढलेला फोटो

रविवारी सकाळी साडेनऊ वाजता सासूबाईंच्या दिवाणखान्यात अंधार करायचं काम जोरात चाललं होतं. जावईबापू स्टुलावर चढून गॅलरीच्या काचेच्या दारावर काळं ब्लँकेट टांगत होते. त्यांची बायको खाली स्टूल धरून उभी होती आणि बाहेर एवढं लख्ख ऊन पडलेलं असताना शहाणी माणसं घरात अंधार का करतात, असं विचारत होती.

"फोटोला उजेड लागतो, एवढं मलाही कळतं," ती म्हणाली.

"उजेड दिसायला आधी अंधार लागतो," जावईबापू म्हणाले. तोंडात कपड्यांचे चिमटे होते, त्यामुळे वाक्याचा निम्मा रुबाब तिथेच गेला.

वाक्य त्यांचं नव्हतंच. गेले तीन रविवार ते फोटोग्राफीच्या वर्गाला जात होते आणि तिथले सर हे वाक्य तासाला दोनदा म्हणत. चेहऱ्याचा अर्धा भाग उजेडात आणि अर्धा अंधारात ठेवला की माणूस उठून दिसतो, असं सरांचं म्हणणं. जावईबापूंना ते लगेच पटलं. सव्वीस वर्षं त्यांनी हॉस्पिटलात एक्स-रे काढले होते. अंधार-उजेडावरच पोट भरत आलेलं असल्यामुळे वर्गात आपण पुढे असणार, अशी त्यांची खात्री होती, आणि तसे ते होतेही. फक्त माणसाचा बाहेरून फोटो त्यांनी आजवर कधी काढला नव्हता.

ही सगळी खटपट सासूबाईंसाठी होती. त्यांची नजर दोन वर्षांत फार अधू झाली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आता आहे ते जपा म्हणून सांगून हात वर केले होते. आवाजावरून त्या घरातली माणसं ओळखत आणि दिसल्यासारखं दाखवत. मागच्या महिन्यात मात्र धाकटा मुलगा काही न बोलता दारात उभा राहिला, तेव्हा त्यांनी त्याला "पत्र तिथेच टेबलावर ठेवा" असं सांगितलं. त्यावर सगळे हसले. सासूबाईही हसल्या, पण त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी जावईबापूंना बोलावून घेतलं. पलंगासमोरच्या भिंतीवर लावायला मुलांचा एक मोठा फोटो हवा, जो त्यांना दिसेल असा. घरातले जुने फोटो आता त्यांना दुधात बुडवल्यासारखे दिसत. स्वतः फोटोत यायला त्या तयार नव्हत्या. "माझं तोंड मला भिंतीवर नको, ते माझ्यापाशी आहेच," असं त्यांचं म्हणणं होतं. त्या कॅमेऱ्याशेजारी खुर्ची टाकून बसणार होत्या, म्हणजे मुलं फोटोत त्यांच्याकडेच बघतील. जावईबापूंनी शब्द दिला, आणि शब्द दिला म्हणून वर्गात नाव घातलं.

दहा वाजता मंडळी जमली. थोरला मुलगा, त्याची बायको, धाकटा, आणि मधली म्हणजे जावईबापूंची बायको. एवढीच चार माणसं उभी करायची, त्यात अवघड ते काय, असं जावईबापूंना वाटत होतं. मागे काळं ब्लँकेट, डावीकडच्या खिडकीतून येणारा उजेड, उजवीकडे टेबललॅम्प. सगळं सरांनी सांगितल्याप्रमाणे.

तेवढ्यात थोरल्याने त्यांना खूण करून स्वयंपाकघरात नेलं.

"भावोजी, माझ्या पोटावर जरा अंधार ठेवता येईल का?"

थोरल्याने सहा महिन्यांपूर्वी आईला शब्द दिला होता की गोड सोडलं आणि रोज पाच किलोमीटर चालतो. वडील साखरेच्या दुखण्याने गेलेले, म्हणून तो शब्द तिने त्याच्याकडून हात धरून घेतला होता. तेव्हापासून तो आईला फोनवर रोजच्या चालण्याचा हिशेब देई, आणि तो बहुधा पलंगावर पडून देई. जावईबापूंनी बघतो म्हटलं आणि लॅम्प हातभर मागे सरकवला.

मग थोरल्याच्या बायकोने त्यांना पॅसेजमध्ये गाठलं. तिचे केस हे या घरात सासूबाईंनी उघडपणे कौतुक केलेलं एकमेव लक्षण होतं. ते तिने गेल्याच महिन्यात मानेपर्यंत कापून टाकले होते, आणि सासरी येताना ती विकतचा अंबाडा लावून येत होती. "डोक्यावर उजेड नको, भावोजी. रंग थोडा वेगळा आहे त्याचा," ती म्हणाली. जावईबापूंनी खिडकीचा पडदा वरून निम्मा ओढून घेतला.

धाकट्याला काही सांगावंच लागलं नाही. त्याने नुसतं बघितलं. आईच्या धाकाने विकून टाकलेली मोटारसायकल त्याने मुळात विकलीच नव्हती, आणि तिच्यावरूनच तो बुधवारी पडला होता. त्याच्या हाताचा एक्स-रे जावईबापूंनीच काढलेला होता. डावा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये होता आणि त्यावर त्याने कोट पांघरला होता. पडद्याची डावी बाजूही ओढली गेली.

आता यातली कुठलीही गोष्ट जावईबापूंनी दुसऱ्याला सांगणं शक्य नव्हतं. सव्वीस वर्षं पेशंट त्यांना विचारत आले होते, काय दिसतंय हो, मोडलंय का? आणि सव्वीस वर्षं त्यांनी एकच उत्तर दिलं होतं, रिपोर्ट डॉक्टर सांगतील. ही सवय इतकी अंगात मुरली होती की भाजीत मीठ बरोबर आहे का, असं बायकोने विचारलं तरी ते आधी इकडेतिकडे बघत.

त्यामुळे पुढचा अर्धा तास खोलीत मोठी चमत्कारिक सभ्यता चालली होती. प्रत्येक जण दुसऱ्याला उजेड देऊ करत होता. थोरला धाकट्याला म्हणे, "तू ये ना इथे, तू तरुण आहेस." धाकटा वहिनीला म्हणे, "वहिनी, तुम्हीच उभ्या राहा, तुम्हाला शोभेल." वहिनी नवऱ्याला म्हणे, "मोठे तुम्ही, मान तुमचा." असं म्हणत म्हणत तिघंही मागे सरकत गेली. फरशीवर वर्तमानपत्राएवढा उजेडाचा तुकडा उरला होता आणि त्यात कोणीच उभं नव्हतं. त्याच्या कडेला एकटी मधली कमरेवर हात ठेवून उभी होती.

"काय चाललंय काय?" सासूबाईंनी खुर्चीतून विचारलं. "मला तर सगळं काळंच दिसतंय."

"तसंच असतं, आई," जावईबापू म्हणाले. त्यांनाही कॅमेऱ्यातून सगळं काळंच दिसत होतं. एव्हाना त्यांना घाम फुटला होता. समोर चार माणसं होती आणि दिसत होतं एक ब्लँकेट. धाकट्याला बाराच्या पाळीला कामावर जायचं होतं. सासूबाई मात्र हात मांडीवर ठेवून, मुलांच्या दिशेने चेहरा करून, शाळेतल्या मुलीसारख्या ताठ बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघून जावईबापूंना फार वाईट वाटलं. आपण या बाईला काळ्या ब्लँकेटचा फोटो देणार, हे त्यांना स्पष्ट दिसायला लागलं. तरी काहीतरी करायलाच हवं होतं, म्हणून त्यांनी सव्वीस वर्षं केलं तेच केलं.

"हलू नका. श्वास घ्या. धरून ठेवा."

त्या आवाजात काय होतं कोण जाणे, पण चौघांनीही छाती भरून श्वास घेतला आणि धरून ठेवला. थोरल्याचं पोट आत गेलं. जावईबापू लॅम्प जरा फिरवावा म्हणून वळले, वायर पायात आली, ती सोडवली, बल्ब जरासा उजवीकडे केला, परत डावीकडे केला.

"अहो," मधली दातांतल्या दातांत म्हणाली. "अहो, सोडा म्हणा." एक्स-रेवाल्याशी लग्न होऊन तिला बावीस वर्षं झाली होती. पुढचा शब्द काय असतो ते तिला माहीत होतं.

जावईबापूंनी ऐकलं नाही. त्यांनी डोळा कॅमेऱ्याला लावला आणि बोट बटणावर ठेवलं. नेमका त्याच वेळी थोरल्याचा धीर सुटला. श्वास बाहेर आला, त्यामागोमाग पोट आलं, पोटाबरोबर तोल गेला, आणि आधाराला त्याने मागचं ब्लँकेट धरलं. ब्लँकेट एकटं आलं नाही. दारावरचा पडद्याचा दांडा, सगळे चिमटे आणि भिंतीचा वीतभर गिलावा घेऊन ते खाली आलं. गॅलरीतलं सगळं ऊन एकदम घरात शिरलं, आणि दचकून जावईबापूंचं बोट दाबलं गेलं.

लख्ख उजेड पडल्याबरोबर सगळ्यांना एकदम कामं आठवली. वहिनी डोकं धरून न्हाणीघरात गेली, धाकटा कोटासकट जिना उतरला, आणि थोरला ब्लँकेटची घडी घालू लागला. ती तो पोटापाशी धरून बराच वेळ घालत राहिला. दुसरा फोटो काढायचा प्रश्नच नव्हता.

"निघाला?" सासूबाईंनी विचारलं.

"निघाला."

"सगळे आलेत त्यात?"

जावईबापूंनी कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला बघितलं. पांढऱ्या उजेडावर चार काळी माणसं. नाक नाही, डोळे नाहीत. "सगळे आलेत," ते म्हणाले. खोटं ते बोलले नव्हते.

"मग मोठा करून आणा. पुढच्या रविवारी सगळ्यांनी या. कोणी चुकवायचं नाही."

आठवडाभर त्यांनी तो फोटो कॅमेऱ्यातच ठेवला. बायको म्हणाली, कसाही असला तरी आई वाट बघतेय, न्यावाच लागेल. शनिवारी ते दुकानात गेले. छापणाऱ्या माणसाने दोनदा विचारलं की हाच ना, आणि दोन्ही वेळा जावईबापूंनी दुसरीकडे बघून होय म्हटलं.

रविवारी फोटो पलंगासमोर लागला. दाराएवढा रुंद होता. चौघंही भिंतीशी रांगेत उभी होती आणि मनातून खूश होती. कारण फोटोत कोणाचंच काही दिसत नव्हतं. असा निर्धोक फोटो त्यांच्यापैकी कोणाचाच आजवर निघाला नव्हता. अपराध्यासारखे एकटे जावईबापू उभे होते. माफी मागायची कशी, याची त्यांनी वाटेत तीनदा उजळणी केली होती.

सासूबाई पलंगाच्या कडेला बसल्या. चष्मा पुसून पुन्हा लावला आणि फोटोकडे चेहरा केला.

"आई, जरा अंधार—" जावईबापूंनी सुरुवात केली.

"गप्प बसा," सासूबाई म्हणाल्या. "बघू द्या मला."

मग त्यांनी बोट उचललं. "हा थोरला."

कोणी तोंडातून शब्द काढला नव्हता, आवाजाची खूण दिली नव्हती.

"पडतोय तो. आणि पोट बघ केवढं त्याचं. पाच किलोमीटर चालतो म्हणे." बोट पुढे सरकलं. "ही सून. केस कापलेत हिने. अंबाडा कानाशी आलाय, खरा अंबाडा असा घसरत नाही. पण मान छान दिसते. आधीच कापायला हवे होते." बोट अजून पुढे गेलं. "हा धाकटा. कोट सरकलाय, डावा हात खांबासारखा जाड दिसतोय, प्लॅस्टर आहे. म्हणजे गाडी विकली नाहीस तू. आणि ही मधली. नवऱ्याला ओरडतेय. हिचं सगळं ठीक आहे."

जावईबापू फोटोकडे बघत राहिले. उजेडातला चेहरा त्या डोळ्यांत विरघळून जात होता, पण काळ्या-पांढऱ्याची कड तशीच शिल्लक होती. आणि तीच आता सगळं सांगत होती. हाडामासाच्या सावल्या बघण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे आधी सुचायला हवं होतं. त्यांचे डोळे भरून आले, आणि त्याची त्यांना लाजही वाटली नाही.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "धाकट्याचं हाड नीट जुळतंय ना?"

"रिपोर्ट डॉक्टर सांगतील," जावईबापूंच्या तोंडून निघून गेलं.

"बरं." त्यांनी मान हलवली आणि पुन्हा फोटोकडे वळल्या. "दोन वर्षांनी बघतेय रे तुम्हाला," त्या म्हणाल्या, आणि हे मात्र त्या कोणा एकाला म्हणाल्या नाहीत. मग जरा वेळाने त्यांनी विचारलं, "पण बाकीचे असे छाती फुगवून का उभे आहेत?"

जावईबापूंनी वळून बघितलं. भिंतीशी चौघंही तशीच उभी होती, ताठ, श्वास धरून. थोरल्याचा चेहरा लाल झाला होता. बायको त्यांच्याकडे डोळे वटारून बघत होती.

"माझं एक सांगायचं राहिलं होतं, आई," जावईबापू म्हणाले. "सोडा."

चौघांनीही एकदम श्वास सोडला, आणि थोरल्याचं पोट आपल्या जागेवर आलं.