अठ्ठावन्न किलोंची सोबत

"मागे कोण बसतं?" टायरवाल्याने विचारलं आणि फूटपट्टीची पंचाईत झाली.

तोवर सगळं सुरळीत चाललं होतं. फूटपट्टी हा नकाशा कचेरीतला आरेखक. एकोणतीस वर्षं तो तिरप्या टेबलावर ओणवा होऊन रस्ते काढत आला होता. डांबरी रस्ता अखंड रेघेचा, कच्चा रस्ता तुटक रेघेचा. रेघ केसभर जरी सरकली तरी त्या दिवशी त्याला डबा गोड लागत नसे, म्हणून कचेरीने त्याचं हे नाव पाडलं आणि हळूहळू ते त्याच्या बिल्डिंगपर्यंत पोचलं. दुकानात यायच्या आधी दोन महिने त्याने टायरांचा असा काही अभ्यास केला होता, की परीक्षा असती तर गडी पहिला आला असता. त्याला हवा होता डांबरावरही चालेल आणि कच्च्यावरही चालेल असा टायर. मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये जितके जाणकार तितकी मतं. एक म्हणे, मोठ्या ठोकळ्यांच्या नक्षीचा घ्या, चिखलात दगा देणार नाही. दुसरा म्हणे, मोठे ठोकळे डांबरावर इतके गुरगुरतात की शेजारच्या ट्रकवाल्याची झोप उडते. तिसरा म्हणे, दोन्हीकडे चालणारा टायर म्हणजे दोन्हीकडे जेमतेम चालणारा टायर. फूटपट्टीने तिघांनाही लांबलचक उत्तरं लिहिली. संध्याकाळी त्याला दुसरं काम नसायचं, आणि आपल्या उत्तराला कोणाचं तरी उत्तर येतंय याचंच त्याला बरं वाटत होतं.

टायरवाला मात्र निराळाच निघाला. चष्मा कपाळावर चढवून तो गिऱ्हाइकाची उलटतपासणी घ्यायचा आणि ती संपेपर्यंत टायरला हात लावू द्यायचा नाही.

"डांबर किती, कच्चं किती?"

"पन्नास-पन्नास," फूटपट्टीने ठोकून दिलं. खरं तर गाडी घरून कचेरीत आणि कचेरीतून घरी जायची, नऊ-नऊ किलोमीटर, आणि त्यात कच्चं म्हणावं असं एकच होतं, कचेरीच्या फाटकातला उखडलेला गतिरोधक.

"मग मधल्या नक्षीचा देतो. आणि मागे कोण बसतं?"

मागे कोणीच बसत नव्हतं. ही उंच, लांब पल्ल्याची मोटारसायकल त्याने दोघांसाठी घेतली होती. "येऊ दे तुमची गाडी," बायको म्हणाली होती, "तुम्ही काढलेले रस्ते खरंच आहेत का, ते एकदा बघूनच घेते." गाडी यायच्या आठ दिवस आधी लेकीचं बाळंतपण आलं आणि बायको तिच्याकडे गेली. सहाशे चाळीस किलोमीटर लांब, फक्त तीन महिन्यांसाठी. आता नात दोन वर्षांची होऊन घरभर धावत होती आणि ते तीन महिने काही संपत नव्हते. रोज साडेसातला व्हिडिओ कॉल यायचा. त्यात नात दिसायची, मग नातीचं नुसतं कपाळ दिसायचं, मग बराच वेळ छताचा पंखा दिसायचा. बायकोचा आवाज तेवढा कुठूनतरी यायचा, "जेवलात का?" हा म्हणायचा, "जेवलो." की झालं, संपला संसार त्या दिवसापुरता.

"अहो, मागे कोण बसतं म्हटलं!" टायरवाल्याने आवाज चढवला. रांगेतली दोन गिऱ्हाइकंही आता वळून बघायला लागली.

"बायको," फूटपट्टी म्हणाला.

"वजन?"

"अठ्ठावन्न." जाण्याआधी बायकोने दवाखान्यात तपासणी करून घेतली होती आणि तो कागद फूटपट्टीने खणात जपून ठेवला होता.

"मग असं करा. टायर आज चढवतो. तीनशे किलोमीटर दोघं फिरा आणि आणून दाखवा. मागची हवा आणि शॉकअप दोघांच्या वजनाला बसवून देतो. एकटेच फिरलात तर माझ्याकडे येऊ नका."

"ती सध्या गावाला गेलीय."

"मग तेवढ्या वजनाचं पोतं बांधा!" टायरवाला म्हणाला. "वाळूचं."

दुसरा कोणी असता तर "बरं बरं" म्हणून घरी आला असता आणि विसरून गेला असता. पण हा पडला फूटपट्टी! त्याने जवळच्या बांधकामावरून वाळू मागून आणली, पोत्यात भरली आणि भंगारवाल्याच्या काट्यावर नेली. काटा अठ्ठावन्न किलो दोनशे ग्रॅमवर थांबला. फूटपट्टीने पोत्याचं तोंड सोडून थोडी थोडी वाळू काढली, पुन्हा पोतं बांधलं, पुन्हा चढवलं. असं चार वेळा झालं.

"साहेब, वाळू मी घेत नाही हां," भंगारवाला घाबरून म्हणाला.

"विकायची नाही. बसवायची आहे," फूटपट्टी म्हणाला आणि पोतं घेऊन गेला.

पहिल्या दिवशी पोतं मागच्या सीटवर, सामानाच्या पेटीला टेकवून दोरीने बांधलं, पण शिवणीतून वाळू सांडायला लागली. वजन कमी होणार या धास्तीने त्याने खुंटीवरचा बायकोचा अबोली रंगाचा रेनकोट काढून पोत्याला चढवला आणि गळ्यापर्यंत बटणं लावली. दुसऱ्या दिवशी चौकात शिट्टी वाजली.

"काय हो, मागच्या बाईंचं हेल्मेट कुठंय?" हवालदार तरातरा आला, जवळ येऊन थबकला आणि त्याने पोत्याला बोट लावून पाहिलं. "हे काय?"

"वाळू. अठ्ठावन्न किलो."

हवालदाराने बराच विचार केला. "हे बघा, वाळूला हेल्मेट पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही. पण तुम्ही घालाच. लांबून मला बाईच दिसते. रोज शिट्टी फुंकायची, धावत यायचं, आणि निघाली वाळू! माझं वय आहे का हे?"

फूटपट्टीला ते पटलं. गाडीबरोबर घेतलेलं दुसरं हेल्मेट कपाटात तसंच पडून होतं. त्याने ते पोत्याच्या डोक्यावर, म्हणजे जिथे डोकं असायला हवं तिथे, पट्ट्याने आवळून बसवलं.

आता पन्नास-पन्नास म्हटलं होतं, तेव्हा दीडशे किलोमीटर कच्च्यावर जाणं आलं. कचेरी सुटली की तो पोतं घेऊन कालव्याकडे निघायचा. कालव्याच्या कडेचा रस्ता त्याने बावीस वर्षांपूर्वी तुटक रेघेने काढला होता आणि एकदाही पाहिला नव्हता. पहिल्या दिवशी वळणावर गेल्यावर तो रस्ता खरोखरच समोर आला, अगदी कागदावर वळला होता तिथेच वळत, तेव्हा त्याला राहवलं नाही.

"बघितलंस? आहे!" तो मागे वळून म्हणाला.

पोत्याशी तो बोललेला हा पहिला शब्द. मग त्याला सवयच लागली. तीनशे किलोमीटर म्हणजे थोडंथोडकं नव्हे. स्वयंपाकघरातला नळ रात्रंदिवस गळतो, हे त्याने पोत्याला सांगितलं. कचेरीत खिडकीजवळचं टेबल काल आलेल्या पोरीला दिलं आणि मला कोणी साधं विचारलंही नाही, हे सांगितलं. एके दिवशी तर म्हणाला, "साडेसातला मी 'जेवलो' म्हणतो ना, तेव्हा जेवलेलो नसतो. फोन ठेवल्यावर जेवायचं ठरवतो, मग एकट्याने ताट घ्यायचाच कंटाळा येतो." पोतं मधे बोलत नसे, विषय बदलत नसे आणि मुख्य म्हणजे पंखा दाखवत नसे. फूटपट्टी घरी यायचा तेव्हा त्याला हलकं वाटायचं आणि दार उघडलं की आत तो नळ तसाच गळत असायचा.

इकडे बिल्डिंगमध्ये वेगळाच नकाशा तयार होत होता. पहिल्या मजल्यावर एक पोस्टमास्तरीणबाई राहायच्या. त्या निवृत्त झाल्या होत्या, तरी बातमी घरपोच करायची त्यांची सवय सुटली नव्हती.

"आजही गेले हो घेऊन," त्या बाल्कनीतून शेजारणीला म्हणाल्या. "सहा म्हणजे सहाला! आणि रेनकोट बघितलात? वहिनींचा!"

"अगं बाई! पण बाई सभ्य दिसते. इकडे बघत नाही, तिकडे बघत नाही."

"खांद्याला हातसुद्धा लावत नाही."

"मग मेली शिष्ट असेल."

सेक्रेटरीने फळ्यावर नोटीस लावली, 'रहिवाशांनी पाहुण्यांची नोंद करावी.' फूटपट्टीने ती थांबून वाचली आणि नोंद व्हायलाच हवी असं म्हणून मान डोलावली. कचेरीत तो आला की बोलणं थांबायचं. सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं, पण एकानेही त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने ग्रॅमसकट सांगितलं असतं.

तीनशे पुरे झाल्यावर टायरवाल्याने गुडघे टेकून टायर पाहिला, ठोकळ्यांवरून अंगठा फिरवला आणि चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला.

"अहो, तुम्ही खरंच पन्नास-पन्नास चालवलीत! वीस वर्षांत असं गिऱ्हाईक पाहिलं नाही. सगळे खोटं सांगतात. बाजारात जायला निघतात शहाणे आणि डोंगराचे टायर मागतात." त्याने हवा भरली, शॉकअप पिळला. "पण वहिनींना एकदा आणाच. पोतं वळणावर झुकत नाही. माणूस झुकतं."

त्या संध्याकाळी साडेसातला फोन आला, तेव्हा पडद्यावर नात नव्हती. पंखाही नव्हता. बायकोचा चेहरा होता, पूर्ण, समोरून. किती महिन्यांनी! फूटपट्टी खूश होऊन बघतच राहिला.

"कोण आहे ती?"

"कोण?"

"माझा रेनकोट घालून तुमच्या मागे बसते ती! पोस्टमास्तरीणबाईंचा फोन आला होता. तीन आठवडे झाले म्हणे. मी इथे रात्री-अपरात्री पोर सांभाळतेय आणि तुम्ही तिथे..."

"अगं, वाळू आहे ती."

"ही कुठली वाळू? लाज नाही वाटत नाव घ्यायला?"

फूटपट्टी फोन घेऊन खाली पार्किंगमध्ये गेला. त्याने हेल्मेट काढलं, रेनकोटाची बटणं सोडली आणि फोन पोत्याजवळ नेला. पलीकडून लेक खो-खो हसल्याचं ऐकू आलं. बायको मात्र हसली नाही.

"किती किलो भरलीत?" तिने विचारलं.

"अठ्ठावन्न. तुझ्याएवढी. टायरवाल्याने वजन विचारलं होतं."

"मी एकोणसत्तर आहे आता."

"कधी झालीस?"

"दोन वर्षांत होतं तसं, होत होत. तुम्हाला पडद्यावर दिसणार कसं!"

जो माणूस अर्ध्या मिलिमीटरने चुकत नाही तो घरच्या माणसात अकरा किलोंनी चुकला होता. आपल्या पाठीमागे आपली बायको बदलत गेली आणि आपण कागद जपत बसलो, या विचाराने त्याला पार्किंगमध्ये उभ्या-उभ्या रडू आलं. त्याने फोन जरा वर धरला. आता तिकडच्यांना पार्किंगचं छत दिसत असणार.

"अहो, फोन खाली घ्या. दिसत नाही मला," बायको म्हणाली. "शनिवारी येते. मंगळवारी परत निघेन, पोरीला त्यापुढे रजा नाही. आणि रेनकोट धुऊन ठेवा. वाळूचा झालाय सगळा."

फोन ठेवल्यावर तिने पोस्टमास्तरीणबाईंना असं काही सुनावलं, की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वाळूची बातमी गच्चीपर्यंत पोचली. सेक्रेटरीने गुपचूप नोटीस काढली. काल तिरकं बघणारे आज हळहळायला लागले. "बिचारे," जिन्यात कोणीतरी म्हणालं, "पोत्याला घेऊन फिरतात हो." फूटपट्टीला कालचं बघणं परवडलं, आजचं हे नको झालं.

शनिवारी बायको सकाळच्या बसने आली. दिवसभर तिने नळाखाली बादली लावली, डबे उघडून नाकं मुरडली आणि एक अक्षर जास्त बोलली नाही. सहाला मात्र स्वतःहून खाली आली. बाहेर भुरभुर होती. तिने धुतलेला अबोली रेनकोट घातला, हेल्मेट चढवलं, "केवढी उंच ही!" म्हणत कशीबशी चढली आणि ताठ बसली. गाडी फाटकाशी आली तोच बाल्कनीतून पोस्टमास्तरीणबाई शेजारणीला मोठ्याने म्हणाल्या, "अहो बघा, आज पोतं फारच ठासून भरलंय!"

पोत्याने मान वळवली. हेल्मेटची काच वर केली.

"एकोणसत्तर किलो!" पोतं खणखणीत आवाजात म्हणालं. "मोजून घ्यायचंय का? येऊ वर?"

बाल्कनीचं दार आतून लागल्याचा आवाज आला. फूटपट्टी आयुष्यात पहिल्यांदाच फाटकातून इतक्या तोऱ्यात बाहेर पडला.

कालव्याचा रस्ता लागला. पहिल्या वळणावर ती त्याच्याबरोबर झुकली आणि तिचा हात त्याच्या खांद्यावर आला. आता बोलावं असं त्याला फार वाटलं. पोत्याशी तीनशे किलोमीटर बडबडणारा माणूस चार किलोमीटर गप्प.

"बोला की," मागून आवाज आला. "वाळूशी काय बोलत होतात एवढं?"

"असंच," तो म्हणाला. "फोन ठेवला की ताट घ्यायचं म्हणतो आणि घेतच नाही, ते."

वाऱ्यात ऐकू गेलं नसेल, असं त्याला वाटलं.

"मग?" ती म्हणाली.

फूटपट्टीने गाडी हळू केली, रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली. पुढचं त्याला येत नव्हतं. दोन वर्षांत 'मग?' असं कोणी विचारलंच नव्हतं.