कात्री न लागलेली ऑर्डर

"बारा वाजता?" खरेदीसाहेबांनी हातातला चमचा ताटात ठेवला. "काही गरज नाही. दहाच्या आत घरात पाहिजेस."

"थँक्यू बाबा!" म्हणत लेक मैत्रिणीच्या वाढदिवसाला पसारसुद्धा झाली.

साहेब दाराकडे बघतच राहिले. दोन तास कापले आणि वर थँक्यू? इकडे बायकोला हसू आवरत नव्हतं.

"अहो, तिला दहालाच यायचं होतं. तुम्ही कापणार हे माहीत आहे, म्हणून बारा सांगितलं. मी नाही का पडद्यांचं कापड नेहमी जास्तच सांगत?"

"म्हणजे या घरात माझ्याशी खरं कोणी बोलतच नाही?"

"तुम्ही कधी दिलंय का, जेवढं मागितलं तेवढं? एकदा देऊन बघा. मग बोलतील सगळे खरं."

हे वाक्य साहेबांच्या जिव्हारी लागलं. इतकं लागलं की सकाळी ऑफिसात पोचले तरी ते डोक्यातून जाईना.

आता साहेबांचं काम असं, की त्यांची संस्था एकाच वेळी तीन इमारती बांधत होती. एक दवाखाना, एक शाळा आणि एक वसतिगृह. तिन्हींची खरेदी साहेबांच्या हातात. विटेपासून दिव्याच्या बटणापर्यंत सगळं तीन जागचं एकत्र करायचं, एकच करार करायचा आणि भाव पाडून घ्यायचा. भाव पाडण्यात साहेबांचा हात धरणारा कोणी नव्हता. मागणी कापण्यात तर नाहीच नाही. कसलीही मागणी येऊ दे, साहेब सरसकट तिसरा हिस्सा उडवायचे. म्हणून पाठीमागे त्यांना 'कात्री' म्हणत. तिन्ही इमारतींचे इंजिनिअर शहाणे होते. साठ हवे असले की नव्वद मागायचे. कात्री चालायची, साठ यायचे, सगळे सुखी.

त्या दिवशी टेबलावर मागणी होती कमोडची. तिन्ही इमारतींची.

साहेबांनी पेन उचललं. बायकोचं वाक्य आठवलं. पेन खाली ठेवलं. पुन्हा उचललं आणि डोळे मिटून लिहिलं, "पूर्ण मंजूर."

काय हलकं वाटलं त्यांना! दुपारी त्यांनी शिपायालाही बिस्किट दिलं.

ऑर्डर गेली. तिची प्रत इंजिनिअरांना मिळाली आणि पहिला फोन दवाखानेवाल्याचा आला.

"साहेब, तब्येत बरी आहे ना?"

"उत्तम! का रे?"

"नाही, ते कमोड... तुम्ही कापले नाहीत."

"विश्वास टाकला मी तुमच्यावर."

पलीकडे एकदम पडेल आवाज, "असं न सांगता कसा टाकता हो साहेब?"

तासाभरात तिघंही केबिनमध्ये हजर. शाळावाला मान खाली घालून उभा, दवाखानेवाला कपाळ पुसतोय आणि वसतिगृहाची इंजिनिअरीणबाई, जी कोणालाच भीत नसे, तीही खुर्चीच्या टोकावर बसलेली.

"म्हणजे तिघांनीही दीडपट मागितले?"

"नेहमीच मागतो, साहेब," बाई म्हणाली. "तुमच्याच शिस्तीनं."

साहेबांनी करार काढून चाळला. ऑर्डर रद्द करावी, तर करारात कलम होतं की एकदा ऑर्डर दिली की कोणीच मागे फिरायचं नाही, फिरला तर दंड. हे कलम साहेबांनीच घातलं होतं आणि त्याबद्दल टाळ्या घेतल्या होत्या. शिवाय संस्थेच्या अध्यक्षा, म्हणजे मोठ्या बाई, मागच्याच बैठकीत बोलल्या होत्या, "तीन इमारतींची खरेदी एका माणसाकडे ठेवलीय ती नासाडी होऊ नये म्हणून. एक वस्तू जरी उरली, तर तीन जागी तीन माणसं नेमीन." साहेबांनी उभ्या आयुष्यात एवढं एकच काम मनापासून केलं होतं. ते गेलं की राहिलं काय? रजेच्या अर्जावर शिक्का मारणं.

"कमोडवाल्याला गुपचूप फोन करतो," साहेब म्हणाले.

कमोडवाला फोनच घेईना. एकदा त्याच्या पोरीनं घेतला आणि "पप्पा म्हणतात पप्पा घरी नाहीत" असं प्रामाणिकपणे सांगून ठेवून दिला.

"आता जिरवायचे कुठं?" साहेबांनी डोकं धरलं.

"शाळेत दर वर्गाला एक बसवू," शाळावाला म्हणाला.

"आणि वाचनालयात चार बसव. पोरं निवांत वाचतील!"

"साहेब, ऑपरेशनच्या खोलीत अजून काही सामान आलेलं नाही," दवाखानेवाला चाचरत म्हणाला. "मोठ्या बाई पाहणीला येऊन जाईपर्यंत तिथं ठेवू. वर चादर टाकू."

"आणि बाईंनी विचारलं तर?"

"पेशंट आहेत म्हणू."

"रांगेनं, बसलेले?"

"माझ्याकडे पाण्याच्या टाकीमागे जागा आहे," इंजिनिअरीणबाई म्हणाली. "मी सांभाळते, साहेब. गळ्याशी येऊ देणार नाही तुमच्या."

साहेबांनी वर पाहिलं. वर्षानुवर्षं या तिघांशी त्यांचं खिळ्यावरून भांडण. आणि आज तिघंही आपापली इमारत कमोडनं भरून घ्यायला तयार! साहेबांचे डोळे भरून आले. ते त्यांनी खोकून लपवले.

माल आला त्याच दिवशी मोठ्या बाईही आल्या. संकटं आपसात वेळ ठरवून येतात की काय कोण जाणे. पहिला ट्रक दवाखान्यात रिकामा झाला. दुसरा वसतिगृहात. बाई शाळेच्या फाटकात खुर्ची टाकून बसलेल्या, साहेब शेजारी घाम पुसत उभे. तिसरा ट्रक शाळेत शिरला. माल उतरला, आत गेला आणि थोड्या वेळानं शाळावाला धावत आला.

"साहेब," तो कानाशी कुजबुजला, "बरोबर बसले."

"कोण बसले?"

"कमोड! एकही उरला नाही. तिकडंही फोन केला, तिकडंही बरोबर."

"आणि जादा मालाचा मागचा ट्रक?"

"मागं ट्रकच नाही."

तेवढ्यात तिसऱ्या ट्रकमधून, ड्रायव्हरच्या शेजारून, कमोडवाला खाली उतरला आणि हात जोडून उभा राहिला.

"माफ करा, साहेब. माल कमी आणलाय. तुमची ऑर्डर बघितली, म्हटलं एवढी कशी? साहेबांची कात्री पोस्टात अडकली असणार, मागून येईलच. म्हणून मी आधीच तिसरा हिस्सा कमी बनवला. कात्री काही आली नाही. मग तुमचे फोन सुरू झाले. घ्यायची हिंमत होईना."

साहेबांना त्याला तिथंच मिठी मारावीशी वाटली. पण मोठ्या बाई उठल्या होत्या.

"ऑर्डरपेक्षा माल कमी? मग दंड लावा. कलम तुमचंच आहे ना?"

गप्प राहिलं की सुटका होती. साहेबांचं नाव राखलं जाणार होतं, बुडणार होता तो एकटा कमोडवाला. तो मान खाली घालून उभा. साहेबांनी त्याच्याकडे बघितलं.

"बाई, दंड त्याला नको. मागणी जास्तीची होती. न बघता सही मी केली. यानं हुकूम मोडला म्हणून आपण वाचलो."

शाळावाल्यानं डोळे मिटून घेतले. बाईंनी चष्मा काढला.

"थांबा. म्हणजे या तिघांनी खोटं मागितलं, तुम्ही डोळे झाकून दिलं, यानं ऐकलं नाही, आणि म्हणून काम चोख झालं?"

"हो, बाई."

बाईंनी शाळेकडे तोंड फिरवलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. साहेबांना वाटलं, रागानं. पण त्या हसत होत्या.

"दंड माफ. खरेदी तुमच्याकडेच राहू दे. तीन जागी तीन माणसं मी नेमीन हो, पण असे तीन कमोडवाले आणू कुठून?"

बाई गेल्या. साहेबांनी स्वतः जाऊन चहा आणला आणि पहिला कप कमोडवाल्याच्या हातात दिला. इतक्या वर्षांत त्याला साहेबांकडून मिळालेली, न कापलेली ही पहिलीच गोष्ट. "उपकार झाले तुमचे," साहेब म्हणाले, आणि मग तिघा इंजिनिअरांकडे वळून तेच पुन्हा म्हणाले. तिघं इतके लाजले की तिथल्या तिथं शपथ घेऊन मोकळे झाले. यापुढे खरं तेवढंच मागायचं.

पुढची ऑर्डर बेसिनची. तिघांनी खरे आकडे दिले. साहेबांनी जशीच्या तशी मंजुरी दिली. काही दिवसांनी कमोडवाल्याचा फोन आला, बेसिनंही तोच बनवायचा.

"साहेब, हा आकडा खरा?"

"एकदम खरा."

"कात्री लागायचीय?"

"लागणार नाही. निर्धास्त बनवा."

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज.

"बनवून झालीत, साहेब. मला वाटलं, मागच्या वेळचा धसका घेऊन या वेळी तुम्ही आधीच कापलं असणार. ऐनवेळी कमी पडून पुन्हा तुमची पंचाईत नको. म्हणून दीडपट बनवून ठेवली."

साहेब ओरडायला तोंड उघडणार, पण ओरडता येईना. त्यांच्या चुकीची इतक्या मायेनं आगाऊ तयारी बायकोनंसुद्धा कधी केली नव्हती.

"थँक्यू हो," ते फोनवर म्हणाले, आणि पाण्याच्या टाकीमागची ती जागा अजून रिकामी आहे का, हे विचारायला इंजिनिअरीणबाईचा नंबर फिरवू लागले.