आहेराच्या शर्टातली खाजकुयली

"जुन्नर तालुक्यात माझ्या तोडीचा डिटेक्टिव्ह न्हाई. आंबेगावात असलाच, तर मंचरच्या बाजारात कांदे विकत बसला आसंल." हे आमचे दादा, म्हणजे माझे वडील चांगदेव, स्वतःबद्दल सांगत. डिंगोऱ्यात ते स्वतः कांदेच पिकवत, पण ते त्यांच्या मते वेषांतर होतं. सहायक मी. पगार नव्हता, टोमणे होते.

अठ्ठ्याण्णव साली मी लग्न होऊन पिंपरी पेंढारला आले. सत्यनारायणाला दादा आले ते माझ्या सासऱ्यांनी आहेरात दिलेला रेडिमेड शर्ट घालून. अशी रीतच आहे. सासऱ्यांनीही, म्हणजे सावळेराममामांनी, दादांनी दिलेला घातला होता.

दादांनी मला गोठ्यामागे बोलावलं. त्यांची मान लालबुंद झाली होती.

"पुरावा एक, खाज. आधी संशय तुझ्या आईच्या साबणावर व्हता. शर्ट बिनसाबणाचा धुतला. शर्ट आटला, खाज न्हाई. पुरावा दोन, एक बटण ओतूरला गेलं, दुसरं एसटीतून उतरताना. कोणतरी पाळतीवर हाय."

"बटणासाठी?"

"तपासात मधी बोलू नको. कॉलरीत खाजकुयली हाय. सावळेरामानं घातली. सामान भर, सोयरीक मोडली."

"दादा, गुरुजी येतील आता."

"मग प्रसाद खाऊन मोडू."

ओसरीवर मामा खांबाला मान घासत होते.

"बघ," दादा कुजबुजले, "घालताना त्यालाबी लागली."

मामांनी डोळे बारीक केले. "पाव्हणं, शर्ट लई भारी दिला राव. आत काय घातलं व्हतं?"

"मी? तुमी काय घातलं ते बोला!"

दोघांनी एकमेकांची कॉलर धरली. माझ्या नखांतली हळदही अजून गेली नव्हती. सामान खरंच भरावं लागतंय की काय, असं वाटलं.

आतून मामांची आई, झुंबरबाई, कात्री घेऊन आली. "खाली बसा दोघंबी." तिनं दोन्ही कॉलरी उलटल्या. आत एकच लेबल, मंचरच्या एकाच दुकानातलं, नायलॉनच्या दोऱ्यानं शिवलेलं. कडा करवतीसारख्या.

"हे कापलं का न्हाई रं?"

"आहेराचा हाय," मामा म्हणाले. "लेबल कापल्यावर कंपनीचा कोण म्हणंल?"

"बराबर," दादा म्हणाले. त्या दिवशीचं दोघांचं पहिलं एकमत.

"मान सोलली, पण मान राखला!" म्हणत आजीनं दादांचं लेबल कापून दोरा ओढला. दोरा थांबेचना. अख्खी कॉलर तिच्या हातात आली.

"आमच्या येळचं मांजरपाट," ती म्हणाली, "अजून पोतेरं म्हणून टिकलंय."

दादांनी घसा खाकरला. "मला पैल्यापासून कॉलरीचाच संशय व्हता," असं जाहीर करून ते बिनकॉलरीचे पूजेला बसले. प्रसाद दोनदा घेतला. सोयरीक मोडायची राहून गेली.

लेबल त्यांनी मुद्देमाल म्हणून माझ्याकडे जमा केलं. शर्ट वर्षभरात विरला. दादाही आता नाहीत. लेबल मात्र शिवणाच्या डब्यात अजून नव्यासारखं आहे. सुई शोधायला गेलं, की सुईच्या आधी तेच टोचतं.