सायसिंगभाऊंचा लाहा

आमच्या शहाद्याच्या वाचनालयातले ग्रंथपाल सायसिंगभाऊ संगणकासमोर बसण्याआधी चपला काढतात. नेहमी नाही. सभासदांची नावं शोधताना, पुस्तकं नोंदवताना चपला पायातच असतात. पण ज्या प्रोग्रामवर आमचं वाचनालय चालतं, तो सांभाळणाऱ्या लोकांना काही लिहायचं असलं, की चपला टेबलाखाली जोडून ठेवायच्या आणि मगच टायपिंग. मी इथला कार्यवाह, असली नाटकं विचारायचा मला हक्क आहे. विचारलं तर म्हणाले, "आप्पा, घर त्यांचं आहे."

तो प्रोग्राम फुकट आहे. देशोदेशींची माणसं आपापल्या नोकऱ्या करून, काही न घेता तो चालवतात. आतलं सगळं उघडं. कुणीही दुरुस्ती करून पाठवावी. ते तपासतात, पटली तर घेतात. धडगावकडच्या डोंगरात वाढलेल्या सायसिंगभाऊंना यात काही नवल वाटलं नाही. त्यांच्याकडे कुणाचं घर उभं करायचं असलं की अख्खा पाडा कामाला येतो, मजुरी कुणी मागत नाही. त्याला लाहा म्हणतात. "हाही लाहाच," ते म्हणतात. "आपली कुऱ्हाड आपण न्यायची. आणि घरवाल्याला विचारल्याशिवाय खांब हलवायचा नाही."

आमची अडचण खरी होती. गावाच्या कडेची कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात, ती होळीला परततात. प्रोग्राम मात्र तीन महिने न फिरकलेल्या सभासदाचं नाव आपोआप काढून टाकायचा. पोरं आल्या आल्या पुस्तक मागायला येत आणि यादीत त्यांचं नावच नसे. पुन्हा अर्ज, पुन्हा फोटो. निम्मी पोरं परत यायचीच नाहीत.

दुरुस्ती स्वतः लिहायची म्हणून सायसिंगभाऊ पन्नाशीत प्रोग्रामिंग शिकले. पण लगेच पाठवतील तर शपथ. आधी सहा महिने दुसऱ्यांची कामं करत बसले. कुणाच्या सूचनांचं मराठी कर, कुणाला येणारी अडचण आपल्या संगणकावरही येते का ते बघ. मग एकदाची दुरुस्ती पाठवली, सोबत पत्र. "चूक आमच्या समजुतीचीही असू शकेल," हे वाक्य त्यात दोनदा होतं. तपासणारी एक बाई होती, कुठल्या देशातली देव जाणे. तीन आठवडे उत्तर नाही.

"ती बाई काय तुन्ही सासू शे का?" मी वैतागून विचारलं.

"एकदा विचारलंय ना, आप्पा. पुन्हा पुन्हा हाका मारू नयेत."

मला कुठला धीर? ते जेवायला गेल्यावर मीच वाचनालयाच्या नावाने लिहिलं, "होळी तोंडावर आली, तुमची झोप कधी उघडणार?" इंग्रजी फोनने करून दिलं, त्यामुळे जरा जास्तच झोंबलं असावं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. बाई महिनाभर आजारी आईच्या उशाशी होती. आता हे बघणं होणार नाही, असं लिहून तिने आमची विनंती बंद करून टाकली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सायसिंगभाऊंनी चपला टेबलाखाली जोडून ठेवल्या. त्यांनी फक्त लिहिलं, "आमच्याकडून आवाज चढला. आईकडे बघा. तुम्ही येईपर्यंत नव्या लोकांचे प्रश्न मी बघतो." आणि बघितलेही, रोज सकाळी वाचनालय उघडायच्या आधी.

होळी आली, गेली. त्या वर्षी पोरांची नावं गेली ती गेलीच, आणि त्यात माझाही हात होता. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीया झाल्यावर, बाई परतली. तिने ती विनंती आपणहून उघडली, दुरुस्ती दोनदा परत पाठवली, तिसऱ्यांदा घेतली. आता अशा सभासदाच्या नावापुढे नुसतं "बाहेरगावी" येतं. नाव जात नाही.

मी चहा मागवला. "आते पेढा दे, भाऊ," म्हटलं.

ते कपाकडे बघत राहिले. "तिसरीत होतो," म्हणाले. "ऊसतोडीहून आलो. गुरुजींनी हजेरी घेतली, माझं नावच आलं नाही. उंबऱ्यावर उभा राहिलो, दुपारपर्यंत. जा कुणी म्हणालं नाही, ये कुणी म्हणालं नाही."

वीस वर्षं आम्ही एकत्र काम करतोय, पण ही गोष्ट मला ठाऊक नव्हती.

तेवढ्यात संगणकावर कुणा नव्या माणसाचा प्रश्न आला. मी वाचला. अगदी बाळबोध, वर अरेरावीही. सायसिंगभाऊंनी कप बाजूला सारला.

"पहिले चहा तर घे," मी म्हटलं. "थंडा हुई जाई."

"तो दारात उभा आहे, आप्पा," ते म्हणाले आणि लिहायला लागले.