नऊ नंबरचा पेला

आमगावच्या राईस मिलमध्ये पोती उतरली की मालक आधी भैयाजींकडे बघायचा आणि मग काट्याकडे. भैयाजी मूठभर दाणे तळहातावर घेऊन नाकाशी नेत आणि धान कोणता, कधीचा, पावसात भिजला की नाही, सगळं सांगून मोकळे होत. धान तपासणारी मशीन नंतर तेच सांगायची. "मशीनले चुकायचा हक्क हाय, मले नाही," असं ते टपरीवर म्हणत. ऐकणारे माना डोलवत, कारण चहा भैयाजींचा असे.

२०१६ च्या जानेवारीत त्यांच्या मुलीचा, टीनाचा फोन आला. नागपुरात कार्यक्रम भरवणाऱ्या कंपनीत तिला नोकरी लागून चारच महिने झाले होते. सडक अर्जुनीजवळ हायवेवरच्या एका रिसॉर्टात कंपनीनं भलामोठा बिअर महोत्सव मांडला होता. छोट्या भट्ट्यांत हौसेनं बिअर बनवणारे चाळीस जण देशभरातून आले होते, आणि त्यातली तांदळाच्या बिअरची स्पर्धा टीनाच्या गळ्यात होती.

"बाबा, तीन परीक्षक लागतात. एक आलाच नाही. तुम्ही या ना."

"पोरी, म्या जन्मात थेंब घेतला नाही. अन् तुही आई आडवी बाटली निवडून आणून वॉर्डातलं दारूचं दुकान बंद करून बसली हाय."

"प्यायचं कुठं आहे? फक्त वास घ्यायचा. तांदळाचा वास तुमच्याइतका कोणाला कळतो?"

या शेवटच्या वाक्यापुढे भैयाजींचं काही चाललं नाही. "टीनाकडं तांदळाची परीक्षा हाय, जाऊन येतो," एवढंच त्यांनी बायकोला, प्रेमिलाबाईंना सांगितलं आणि बस पकडली.

मांडवात जत्रेसारखी गर्दी होती. परीक्षकांच्या टेबलावर अकरा पेले ओळीनं मांडले होते. भैयाजींनी पहिला उचलला, हुंगला, खाली ठेवला आणि कागदावर लिहिलं, "ओलावा जास्त."

शेजारी पुण्याहून आलेल्या परीक्षक रीना बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "काका, गिळावं लागेल. बिअरचा कडवटपणा घशात कळतो. थुंकून चालतं ते वाइनला. तिघांनी चाखलीच पाहिजे, नाहीतर स्पर्धा रद्द."

भैयाजींनी टीनाकडे पाहिलं. तिच्या शेजारी तिचा साहेब हाताची घडी घालून उभा होता. धानाची रोवणी उरकावी आणि पाऊस गायब व्हावा, तसा टीनाचा चेहरा झाला होता. वास घेऊन भागतं असं तिला खरंच वाटलं होतं. भैयाजींनी डोळे मिटले आणि दोन घोट गिळले. कारल्याच्या पाण्यात सोडा टाकावा तशी चव होती.

चौथ्या पेल्यापर्यंत ते काढा घेतल्यासारखे घेत होते. सहाव्याला खुर्ची आपल्या घरची वाटायला लागली. "दाणा तुटका", "पोत्याचा वास", "कोठीत उंदीर असावेत" असे शेरे ते झरझर लिहीत होते, आणि रीना ते वाचून आदरानं त्यांच्याकडे बघत होत्या.

नववा पेला नागपूरच्या लोकेशचा होता. 'अस्सल चिन्नोर तांदळाची बिअर' अशी पाटी त्याच्या समोर होती. चिन्नोर म्हणजे बारीक, सुवासिक दाणा. भैयाजींनी हुंगलं, चाखलं, पुन्हा हुंगलं. मग उठून त्यांनी सरळ माईक हातात घेतला.

"हा चिन्नोर नाही. जाडा धान हाय. वरून सुगंध मारला हाय."

लोकेश धावत पुढे आला. "काका, दोन महिने राबलो मी या बिअरसाठी. तांदूळ बघा अन् मग बोला." त्यानं पोतंच आणून ओतलं. भैयाजींनी एक दाणा दाताखाली फोडला.

"पाहा. जाडा. कोणी फसवलं तुले?"

"तपासणीची चिठ्ठी आहे पोत्यात."

रीनांनी चिठ्ठी शोधून वाचली आणि जरा घुटमळल्या. "काका, तुमचं नाव भैयाजीच ना?"

चिठ्ठी मिलची होती आणि खाली शेपूट ओढलेली त्यांचीच सही होती. दिवाळीचा आठवडा त्यांना आठवला. सर्दीनं नाक बंद, मालकाची घाई, आणि आपण खुर्चीतूनच केलेल्या वीस सह्या. सही खोटी आहे म्हणणं सोपं होतं. कोण तपासायला येणार होतं? पण समोर लोकेश डोळे पुसत होता आणि टीना बघत होती.

"सही माही हाय," भैयाजी माईकवर म्हणाले. "मले सर्दी होती. वास न घेताच केली. या पोराची काही चूक नाही."

मागून कोणीतरी टाळी वाजवली, मग बऱ्याच वाजल्या. भैयाजी खाली बसले. खुर्ची शरमेनं डुलतेय की नऊ पेल्यांनी, हे त्यांना ठरवता येईना. उरलेल्या दोन पेल्यांचेही घोट त्यांनी निष्ठेनं घेतले. लोकेशची पाटी उतरवली गेली, बिअर मात्र तिसरी आली. साहेब टीनाला म्हणाला, "पुढच्या वर्षीही यांनाच बोलव."

संध्याकाळी घरी पोचल्यावर भैयाजींनी दारातच सगळं सांगून टाकलं. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"पेले किती?" प्रेमिलाबाईंनी विचारलं.

"अकरा. दोन-दोन घोट."

"अन् पोरीची नोकरी?"

"टिकली."

प्रेमिलाबाई म्हणाल्या, "दिवाळीत आपल्या घरी चिन्नोरचं पोतं आणलं तुम्ही. ते बी त्याच दिवशीचं ना?"

भैयाजी वाकून चपला काढू लागले.

"मी तवाच म्हटलं होतं, भाताले वास येऊन नाही राहिला. तुम्ही काय म्हणाले होते?"

"तुह्या नाकात दम नाही," असं ते पाहुण्यांसमोर म्हणाले होते. शब्द न् शब्द आठवत होता.

"पोत्यात अजून किती हाय?" त्यांनी हळूच विचारलं.

"अर्धं."

ते अर्धं पोतं होळीपर्यंत पुरलं. प्रेमिलाबाई रोज ताट वाढून विचारत, "वास कसा हाय?" आणि भैयाजी मान खाली घालून सांगत, "तू सांगशील तसा."